सिंह बहुतेक वेळ झोपलेला असतो

मुलांना घेऊन आफ्रिकेला चाललोय म्हटलं की पहिला प्रश्न सिंहाचा येतो, दुसरा आजारपणाचा, तिसरा जरा दबक्या आवाजात खर्चाचा. चौथा सासूबाईंचा: पोरं जेवणार काय? कपडे धुवायचं काय, हे कुणीच विचारत नाही. सहा आठवड्यांत आम्हाला रोज सतावलं ते मात्र त्यानेच.

आम्ही गेलो केनियाला. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार. ‘आफ्रिका’ म्हणून जो विचार सुरू होतो तो आधी एका देशावर आणून ठेवा, ही माझी पहिली विनंती. खंडात ५४ देश आहेत. नैरोबीपासून केप टाउन जितकं लांब, साधारण तितकंच मुंबईपासून नैरोबी. त्यामुळे ‘आलोच आहोत तर व्हिक्टोरिया धबधबाही करू’ हा मोह म्हणजे लहान पोरांना विमानतळांवर झोपवण्याची तयारी. केनिया निवडायला आमची कारणं साधी होती. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांत पोचतं. इंग्रजी सगळीकडे चालतं. तूरडाळ, कणीक, हिंग असं सगळं नैरोबीत मिळतं. शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पुण्यात सात वाजता उठणारी मुलं तिथे पहिले काही दिवस पहाटे साडेचारला टक्क जागी. एरवी हा छळच, पण जंगलात गाडी सहाला निघते, तेव्हा तेच वरदान.

अडचण येते ती सुट्ट्यांची. आपली मे महिन्याची सुट्टी आणि केनियातला मोठा पाऊस एकमेकांच्या डोक्यावर येतात. तो मार्च ते मे पडतो, आणि जंगलातले कच्चे रस्ते तेव्हा चिखलात रुततात. दिवाळीची सुट्टी छोट्या पावसाच्या तोंडावर. कोरडे दिवस म्हणजे जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी. लांबचा प्रवास करायचाच असेल तर मुलांची शाळा गंभीर होण्याआधी करा. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात निघालो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतलो. थोरल्याच्या दुसरीतले तीन आठवडे बुडाले. वर्गशिक्षिकांना आधी भेटून सांगितलं. त्यांनी पाढे आणि रोज पाच ओळींची डायरी एवढंच मागितलं. मसाई मारात जून महिना निवडण्याला आणखी एक कारण आहे. २०२४पासून तिथलं परदेशी प्रौढाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर झालं आहे. वाइल्डबीस्टचे लाखोंचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, म्हणून ही वाढ. चार वर्षांच्या मुलीला दहा वाइल्डबीस्टही पुरेसे झाले. निघण्याआधी ताजे दर मात्र बघून घ्या.

आता कागदपत्रं. पासपोर्ट प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि मुलांचा पाचच वर्षांचा असतो, तेव्हा तारीख आजच बघा. प्रवासात निदान सहा महिने शिल्लक असायला हवेत. केनियाने जानेवारी २०२४पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन पूर्वपरवानगी सुरू केली; ती मुलांसाठीही वेगवेगळी काढायची. युगांडा आणि रवांडाही बघायचे असतील तर तीन देशांचा मिळून ९० दिवसांचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा १०० डॉलरना मिळतो. टांझानिया त्यात नाही, आणि हे अनेकांच्या सीमेवर लक्षात येतं. जन्मदाखला सोबत ठेवा. आई किंवा वडील एकटेच मुलांना नेणार असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र नोटरी करून घ्या.

पिवळ्या तापाच्या लशीवर मात्र जरा थांबू. ही लस आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे मिळत नाही. सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते. तिथे वार ठरलेले असतात, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि लस टोचल्यावर एक पिवळं पुस्तक हातात मिळतं. टोचल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात, मग जन्मभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, म्हणून तेवढं लहान बाळ असेल तर केनिया वर्षभर पुढे ढकला. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण लस अंड्यावर वाढवलेली असते. पुस्तक जाताना कुणी नीट बघतही नाही. खरी गरज परतताना. पुस्तक नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, मूल असो वा मोठा माणूस. आम्ही चारही पुस्तकं पासपोर्टांना रबर लावून बांधली होती. चेक-इनच्या सामानात ती चुकूनही टाकू नका.

हिवताप हा खरा शत्रू. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटर उंचावर आहे, तिथे धोका अगदी कमी. किनाऱ्यावर मात्र पुरेपूर, आणि तिथला हिवताप बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे मुलांना झपाट्याने आजारी पाडणारा. ‘आपल्याकडेही डास असतातच की’ हे वाक्य मी तीन जणांकडून ऐकलं; ते ऐकून सोडून द्या. प्रतिबंधक गोळ्या वजनानुसार ठरतात. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखाली देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्याला एकदाच घ्यायची असते, पण निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते, आणि फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना चालत नाही. म्हणजे डॉक्टरांकडे दीड-दोन महिने आधी जायला हवं. टायफॉइड, हेपटायटिस ए, गोवरचे डोस याच भेटीत तपासून घ्या. गोळीइतकीच मच्छरदाणी महत्त्वाची. हा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, तेव्हा पाचनंतर पूर्ण बाह्या, पायमोजे आणि हातापायांना डासांचं मलम. सवय तिसऱ्या दिवशी लागते. पहिल्या दोन दिवशी रडारड.

विमा घेताना रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचा. ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था १९५७पासून पूर्व आफ्रिकेत हेच काम करते आणि पर्यटकांना थोड्या दिवसांचं सदस्यत्वही देते. नैरोबीत गर्ट्रूड्स हे मुलांचं जुनं, मोठं रुग्णालय आहे. पत्ता फोनमध्ये नोंदवला. सुदैवाने लागला नाही.

आता मुख्य गोष्ट: चाल. प्रवासी कंपन्यांचे कार्यक्रम दहा दिवसांत सात जंगलं दाखवतात. मोठ्यांना ते झेपतं, कारण मोठी माणसं तक्रार मनात ठेवतात. आम्ही सहा आठवड्यांत चारच मोठे मुक्काम केले: नैरोबी, नैवाशा, मारा आणि शेवटी दियानीचा किनारा. अंबोसेली मध्ये तीन रात्रींसाठी. प्रत्येक जंगलानंतर नैरोबीतल्या त्याच भाड्याच्या घरात परतलो, कपडे धुतले, वरण-भात केला, एक दिवस काहीच केलं नाही. दरवेळी ‘आपलं घर’ म्हणून धाकटी त्या दारातून आत शिरायची. मुलांना नवी जागा हवी असते हा मोठ्यांचा गैरसमज आहे. त्यांना तीच उशी हवी असते.

नैरोबीत चार-पाच दिवस सहज जातात. शहराला लागूनच १९४६ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे, ११७ चौरस किलोमीटरचं. गेंडा चरतोय आणि त्याच्या पाठीमागे उंच इमारती, असं दृश्य तिथे दिसतं. मुलांना जंगलाची तोंडओळख करून द्यायला याहून सोयीची जागा नाही. कंटाळली तर अर्ध्या तासात घरी. शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथ हत्तींची पाळणाघरासारखी व्यवस्था याच उद्यानात आहे. सकाळी ११ ते १२ एवढा एकच तास ती लोकांसाठी उघडी असते आणि नोंदणी आधी करावी लागते. हत्तीची पिल्लं धावत येऊन दुधाच्या बाटल्या तोंडात घेतात. आमच्या धाकटीने घरी आल्यावर स्वतःचं दूध बिनतक्रार प्यायलं, दोन दिवस तरी. लँगाटामधल्या जिराफ केंद्रात जिराफाला हाताने खाऊ घालता येतो. त्याची जीभ काळसर, लांब आणि खरखरीत असते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

नैवाशा नैरोबीपासून नव्वदेक किलोमीटरवर आहे, म्हणून पहिला मुक्काम तिथे. तिथल्या क्रेसेंट बेटावर मोठे शिकारी प्राणी नाहीत, त्यामुळे झेब्रे आणि जिराफांच्या मधून पायी हिंडता येतं. गाडीत बांधून बसवलेल्या मुलांना हे फार मोलाचं. जवळच्या हेल्स गेट उद्यानात सायकली चालवता येतात. तिथल्या घळीत मात्र पावसाळी दिवसांत उतरू नका, पाण्याचा लोंढा अचानक येतो. तळ्यात पोहायचं नाही, पाय बुडवायचे नाहीत. पाणघोडे असतात हे एक, आणि पूर्व आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यात गोगलगायींमधून पसरणाऱ्या बिल्हार्झियाच्या कृमीची भीती असते हे दुसरं. पाणघोडे रात्री चरायला बाहेर येतात, म्हणून मुक्कामांच्या भोवती विजेची तार असते. तार दिसली की ती सीमारेषा, हे मुलांना पहिल्याच संध्याकाळी चालवत नेऊन दाखवा.

जंगलातला मुक्काम निवडताना आम्ही एकदा फसलो. फोटो सुंदर, तंबू सुंदर. पोचल्यावर कळलं की कुंपण नाही, तंबू जेवणाच्या जागेपासून लांब, अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि जेवण रात्री आठला. धाकटी सूपवरच झोपली. तिला खांद्यावर घेऊन, बॅटरी आणि भाला घेतलेल्या पहारेकऱ्यामागून चालताना कुठेतरी तरस ओरडला तेव्हा मी मनात त्या फोटोग्राफरला खूप बोलले. चूक आमचीच, विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा: कुंपण आहे का, चौघांना एकाच तंबूत झोपता येईल का, मुलांना साडेसहाला जेवण मिळेल का, लहान मुलांना घेता का. काही ठिकाणी ठरावीक वयाखाली घेतच नाहीत. गरम हवेच्या फुग्यातून फिरायलाही फार लहान मुलांना नेत नाहीत, आणि युगांडा-रवांडातले गोरिला बघायला वय १५ पूर्ण लागतं.

गाडी स्वतंत्रच घ्या. इथे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा. अनोळखी माणसांबरोबर बसलात तर त्यांना बिबट्यासाठी दीड तास थांबायचं असतं आणि तुमच्या मुलीला शू लागलेली असते. त्यासाठी स्वाहिलीत एक छान शब्दप्रयोग आहे, ‘कुचिंबा दावा’, म्हणजे औषधी मुळी खणायला जाणं. आमच्या चालकाने तो मुलांना शिकवला. मग तो उघडं मैदान बघून, चहूकडे नजर टाकून गाडी थांबवायचा आणि चाकाआड काम व्हायचं. त्याला विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा एकच नियम मी ओरडून सांगितला. लहान मुलाची गाडीतली खुर्ची घरून न्या. मारा नैरोबीपासून पाच-सहा तासांवर आहे आणि शेवटचा टप्पा हाडं मोजणारा. विल्सन विमानतळावरून छोटी विमानं पाऊण तासात नेतात, पण माणशी १५ किलोच सामान, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग चालत नाही.

आणि सिंह. सिंह दिवसातले वीसेक तास झोपतो. सिंह बघणं म्हणजे बहुतेक वेळा गवतात पसरलेला एक पिवळट ढीग बघणं. आमच्या मुलांचा त्यातला रस सात मिनिटं टिकला, मी घड्याळ लावून बघितलं. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा त्यांनी पंचवीस मिनिटं बघितला. शेपटी अँटेनासारखी उभी करून पळणारी रानडुकरं हा तर रोजचा सिनेमा. म्हणून सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन, याहून जास्त गाडीत बसवू नका. प्रत्येकाला स्वतःची दुर्बीण द्या, स्वस्तातली चालेल; एका दुर्बिणीवरून होणारी भांडणं ऐकून हरणंसुद्धा पळतात. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी हवीच. आपण विषुववृत्ताजवळ जातोय म्हणून आम्ही सुती कपडेच भरले होते. टांझानियात सेरेंगेटीकडे जाणार असाल तर निळे आणि काळे कपडे टाळा. त्से त्से माशी त्या रंगांवर येते, आणि मुलांचे निम्मे कपडे जीन्सचे असतात.

अंबोसेलीत किलिमांजारो दिसतो. ५,८९५ मीटरचा हा डोंगर आहे टांझानियात, पण पूर्ण दिसतो इथून, तोही पहाटे नाहीतर सूर्यास्ताच्या सुमारास, एरवी ढगांत. तिथली धूळ दम्याच्या मुलांना त्रास देते, तेव्हा पंप हाताशी ठेवा.

खाण्याचं सांगते. भात म्हणजे वाली, घेवड्याची उसळ म्हणजे महारागे, पोळी म्हणजे चपातीच. एवढ्यावर मुलं सहा आठवडे आनंदाने जगू शकतात. ‘बिला पिलिपिली’, मिरचीशिवाय, हे शब्द पाठ करा. आंबवलेलं दूध ‘मला’ नावाने मिळतं, आपल्या ताकाच्या जवळचं. शाकाहारी असाल तर नैरोबीतल्या पार्कलँड्स भागात राहा. डायमंड प्लाझाच्या आसपास पाणीपुरीपासून थाळीपर्यंत सगळं आहे. मोठ्या शहराबाहेर नळाचं पाणी दात घासायलाही वापरू नका. शहरातही पिऊ नका.

घरून नेलेल्या खाऊची मात्र एक मेख आहे. चिवडा, भडंग, लाडू आपण सवयीने प्लास्टिकच्या पिशवीत भरतो. केनियाने २८ ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, दंड जबर आहे. टांझानियात तीच बंदी जून २०१९पासून, तीही विमानतळावरूनच. केनियातल्या राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही जून २०२०पासून चालत नाहीत. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या, मुलांच्या स्टीलच्या बाटल्या न्या. वजन वाढतं, पण परतीच्या वाटेवर तेच डबे चहापत्ती आणायला उपयोगी पडतात. दुबईमार्गे जाणार असाल तर अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा. खसखस तिथे निषिद्ध आहे.

नैरोबी ते मोंबासा आम्ही आगगाडीने गेलो. ही नवी गाडी २०१७ साली सुरू झाली, पाच-सहा तासांत पोचते. स्थानकावर सगळ्यांच्या बॅगा रांगेत मांडून कुत्रे हुंगून जातात. मुलांना हाच प्रवासाचा उत्कर्षबिंदू वाटला. गाडी त्सावोच्या जंगलातून जाते. जुनी रेल्वे बांधताना १८९८ साली इथेच दोन सिंहांनी कामगारांचे बळी घेतले; त्या कामगारांत हिंदुस्थानातून नेलेले कितीतरी होते. थोरल्याला ही गोष्ट मी दिवसाउजेडी सांगितली, रात्री नाही. मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६मध्ये बांधला. तेव्हा या किनाऱ्याचा कारभार गोव्याहून चाले, म्हणून भिंती बघताना आग्वादची आठवण येते. दोन तास पुरतात, सकाळीच जा.

दियानीत आम्ही अडीच आठवडे राहिलो. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी सांगायला नको, पण इथे ओहोटीला खडकांत साचलेल्या पाण्यात समुद्री साळू असतात, म्हणून मुलांच्या पायांत रबरी बूट हवेतच. माकडं जेवणाच्या टेबलावरून पाव उचलून नेतात; हातात खाऊ घेऊन मुलाला अंगणात सोडू नका.

भाषेने मुलांचे किती दिवस गोड केले! स्वाहिलीत ‘बाबा’ म्हणजे बाबाच, पण ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. हे कळल्यावर धाकटीने आठवडाभर स्वतःला दादा म्हणवून घेतलं. दुका, गारी, पेसा, रांगी, लाकी हे शब्द मुलांनी आपणहून ओळखले. मलाही तिथल्या बायका माझ्या नावाने कधी हाक मारीनात; थोरल्याच्या नावापुढे ‘मामा’ लावत, आपल्या ‘बंड्याची आई’सारखं. मुलांना एकच रीत आधी शिकवा: वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं. समोरचा ‘माराहाबा’ म्हणतो. टांझानियात आणि किनाऱ्यावर याने दारं उघडतात. आणि कुणी स्वाहिलीतून वेळ सांगितली तर सांभाळा. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक.

परतल्यावर बॅगा धुतल्या तरी काम संपत नाही. मेफ्लोक्विन आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि ‘आता घरी आलोय’ म्हणून ती मध्येच बंद करणारे पुष्कळ. पुढच्या तीन महिन्यांत मुलाला ताप आला तर सर्दी-पडशाचा म्हणून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना ‘आफ्रिकेहून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा आणि हिवतापाची रक्ततपासणी मागून घ्या. पुण्यात जुलैमध्ये निम्मी शाळा तापाने फणफणलेली असते, त्यात हे सांगायचं राहून जातं. आमच्याकडे गोळी दर रविवारी गुळात कुटून दिली जायची, कारण ती विलक्षण कडू. चौथ्या रविवारी शेवटची दिली. पाचव्या रविवारी धाकटी सकाळी साडेसहालाच उठून गुळाचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.